चतुराचा पत्ता

देवगडच्या सड्यावर पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. वारा पडला होता, पवनचक्क्यांची पाती थांबली होती. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस सरत आला होता, पण कातळाच्या खळग्यांत त्याचं पाणी अजून साचलेलं होतं. कुठे ताटाएवढं, कुठे अंगणाएवढं, पण कुठेच गुडघ्याच्या वर नाही. अशाच एका डबक्याच्या काठी कॅमेरा घेऊन पालथा पडलो आणि समोरच्या जांभ्यावर पसरलेले काळे-करडे डाग न्याहाळत राहिलो. पाच-सात मिनिटांनी त्यातला एक डाग उडाला, डबक्यावरून एक गिरकी घेऊन आला आणि पुन्हा त्याच जागी बसून दगड झाला.

तो चतुर होता. चारही पंख पसरून दगडाला पार चिकटून बसलेला, अंगावर कातळाचेच राखाडी-काळे ठिपके. ब्रॅडिनोपायगा या कुळीची हीच रीत. दगड, विहिरीचे कठडे, जुन्या भिंती यांवर बसायचं आणि दिसेनासं व्हायचं. याच कुळीतली ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही जात महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून २०२० साली विज्ञानाला नव्याने कळली. जिथे माणूस हजारो वर्षं वावरतो आहे, जिथल्या आंब्याची पेटी जगभर जाते, तिथला एक चतुर आपल्या काळापर्यंत नावाविना उडत होता. ही गोष्ट मी वाचली होती, पण त्या कातळावर पडून तिचा अर्थ अंगाला लागला. हा प्रवास मी फोटोंसाठी आखला होता. देवगडच्या सड्यावरून निघायचं आणि आंबोली चढून चौकुळला संपवायचं, वाटेत लागेल त्या पाण्याशी थांबायचं. पहिल्याच सकाळी कळलं की कीटक शोधायचा तर आधी त्याचं पाणी वाचता आलं पाहिजे.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून हा लालसर, जाळीदार दगड तयार झाला. त्यावर माती जेमतेम बोटभर. एप्रिलमध्ये इथे अनवाणी पाय ठेववत नाही आणि जुलैत हाच सडा पाण्याने ओसंडतो. कोकणातल्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पं तर २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. पण सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा एकच शब्द असतो, पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी.

चतुराचा हिशेब वेगळा. त्याच्या मादीला हे डबकं हवं असतं ते मासे नसतात म्हणून. अंडी पाण्यात पडतात आणि त्यातून बाहेर येणारं पिल्लू पंखांचं नसतं. ते पाण्यातच राहतं, पाण्यातच श्वास घेतं आणि तिथला वाघ असतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ क्षणार्धात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य अडकतं. पळायची वेळ आली तर पोटाच्या मागच्या टोकातून पाण्याची पिचकारी मारून ते पुढे सुटतं. काही जातींची पिल्लं पाण्यात वर्षंच्या वर्षं काढतात. सड्यावरच्या पिल्लाला तेवढी मुभा नाही, कारण ऑक्टोबरचं ऊन डबकं पिऊन टाकणार असतं. भटक्या पँटालासारखे चतुर दीड-दोन महिन्यांत ही सगळी वाढ उरकतात.

त्याचा पुरावा समोरच होता. डबक्याकाठच्या गवताच्या काडीवर एक रिकामी कात घट्ट धरून बसलेली होती. पाय, डोळ्यांच्या खोबण्या, पाठीवरची चीर, सगळं जागच्या जागी, फक्त आतला जीव निघून गेलेला. रात्री पिल्लू काडीवर चढतं, पाठ उकलते, त्यातून मऊ, चुरगळलेला चतुर बाहेर पडतो आणि उजाडेपर्यंत पंख भरून येतात. फोटो काढणाऱ्यांचं कातेकडे लक्ष जात नाही, मला मात्र ती उडत्या चतुराइतकीच मोलाची वाटते. चतुर कुठूनही उडत येऊ शकतो. कात सांगते की तो इथेच जन्मला.

त्याच काठावर दवबिंदूची रोपं होती. केसांएवढ्या तंतूंवर चिकट थेंब मिरवणारी ही वनस्पती कीटक धरून पचवते, कारण या कातळात नत्र फार थोडं. एका पात्यावर इंचाहूनही लहान टाचणी, म्हणजे चतुराचं काडीसारखं भावंड, अडकलेली दिसली. शेजारी सीतेची आसवं जांभळी फुलली होती. तीही कीटकभक्षी, फक्त तिचे सापळे पाण्यात, इवल्या पिशव्यांचे. निरुपयोगी ठरवलेल्या वीतभर जागेत इतके जण एकमेकांच्या आधाराने आणि एकमेकांना खाऊन जगत होते.

उन्हं वर आली आणि सड्याचा दुसरा भाग दिसला. कातळ सुरुंगाने फोडून, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरून कलमं लावलेली होती. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, घराघरात पैसा आला, आणि ज्या कातळावर काही उगवत नव्हतं तिथे आंबा पिकवणाऱ्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण फोडलेल्या कातळात पाणी साचत नाही. पलीकडे चिरेखाण होती. तिथला दगड घरांच्या भिंतींत गेलेला, मागे चौकोनी खड्डा, त्यात हिरवं पाणी. त्या उभ्या कापलेल्या भिंतीवरही तसाच एक करडा चतुर चिकटून बसला होता. माणसाने टाकून दिलेलं पाणीही त्याने घर म्हणून घेतलं होतं. फक्त कुठेतरी पाणी उरायला हवं.

तिथून वाडा गावातल्या विमलेश्वराकडे उतरलो आणि पाच मिनिटांत हवा बदलली. डोंगराच्या पोटात कोरलेलं हे शिवमंदिर, वर दगडातले हत्ती, समोर माडा-पोफळींच्या सावलीत वाहणारं पाणी. सड्यावर मुरलेला पाऊसच इथे पाझरून येतो. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागतो, पाणी त्यावरून सरकत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. म्हणून कोकणातली कितीतरी देवळं, पाट आणि बागा सड्याच्या कुशीत आहेत. वरचा पोटखराबा खालच्या गावाची पाण्याची टाकी आहे.

सावलीतल्या पाण्यावर टाचण्या होत्या. चतुर आणि टाचणी भावंडं, पण फरक पटकन ओळखू येतो. चतुर दणकट, बसला तरी पंख आडवे पसरलेले आणि डोळे बहुधा डोक्यावर जवळजवळ भिडलेले. टाचणी काडीसारखी बारीक, बसल्यावर बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे दोन बाजूंना मण्यांसारखे दूर. गवतावर पिवळ्या टाचणीची जोडी बसली होती. नराने शेपटीच्या चिमट्याने मादीची मान धरलेली, मादीने शरीर खालून वळवून नराच्या पोटाच्या पुढच्या भागाला टेकवलेलं. दोघांच्या देहांचा मिळून बदामाचा आकार होतो. त्या आकारामागे चुरस आहे. अनेक जातींत मादीच्या शरीरात आधीच्या नराचं बीज असेल तर नवा नर ते आधी खरवडून काढतो. म्हणूनच मीलनानंतरही तो तिला सोडत नाही, ती पाणवनस्पतीच्या देठात अंडी खोवत असताना तिची मान धरून उभा राहतो.

सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी २०१९ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातूनच नव्याने नोंदली गेली. समोरची जोडी तीच की नेहमी दिसणारी तिची पिवळी बहीण, हे एका सुंदर फोटोवरून ठरत नाही. नराच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या चिमट्यांची घडण पाहावी लागते. म्हणून आता माझी पद्धत ठरलेली आहे. एक फोटो बाजूने, एक वरून, एक फक्त शेपटीच्या टोकाचा, आणि मग मनासारखा एक. कॅमेऱ्याचा पडदा पंखांना समांतर धरला की चारही पंखांच्या जाळ्या स्पष्ट येतात. जाळं लावून पकडणं, थंड करून सुस्त करणं, फांदी तोडून उजेडात आणणं, यातलं मी काही करत नाही. पहाटे दव असताना कीटकांचं अंग गार असतं आणि ते जवळ येऊ देतात. दिवसा आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही आणि बसकणीजवळ निमूट थांबायचं. बसून शिकार टिपणारा नर बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो.

दुपार उतरताना मालवण तालुक्यातल्या एका मळ्याच्या बांधावर होतो. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं होत चाललं होतं. काळे-पांढरे पंख हलवत भातावरचे चतुर लोंब्यांवर बसत होते. पिवळ्यावर काळी नक्षी असलेल्या पंखांचा एक चतुर फुलपाखरासारखा संथ तरंगत होता. आणि या सगळ्यांच्या वर, माडांच्या उंचीवर, सोनेरी चतुरांचे शेकडोंचे थवे न थांबता फिरत होते. ते पँटाला फ्लॅव्हेसन्स. बांधावर गवत कापणाऱ्या काकींनी विळा थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"काय बघतंस रे झिला? चतुर?"

"होय काकी. एवढे एकदम कुठून येतात?"

"खयसून येतत ता देवाक ठाऊक. पण ते असे भिरभिरूक लागले काय समजाचा, पाऊस आता सरलो."

मालदीवमधले लोकही हेच वाचतात. दर ऑक्टोबरात तिथे लाखो पँटाला उतरतात आणि ते आले की ईशान्येचा वारा सुरू होणार असं तिथे मानतात. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ तिथे राहत होते. ज्या प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याचं तळं जवळपास नाही तिथे चतुर येतात कसे, हा प्रश्न त्यांना पडला. वर्षानुवर्षांच्या नोंदींनंतर २००९ साली त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यावर बसून मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेला पोहोचतात, तिथल्या पावसात वाढतात आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परततात. सगळा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरांचा, सुमारे चार पिढ्यांचा. जो निघतो तो परतत नाही, त्याचे वंशज परततात. काकींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदराने कपाळ टिपत वर पाहिलं. "म्हंजे आमच्या मळ्यातले आफ्रिकेक जातत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कापायला वाकल्या. त्या संध्याकाळी मी थव्याचे फोटो काढले नाहीत, नुसतं पाहत राहिलो.

पण त्या मळ्याला कायद्यात पाणथळ म्हणत नाहीत. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर इथे झालेल्या कराराची व्याख्या फार उदार आहे. पाणी नैसर्गिक असो वा माणसाने साठवलेलं, कायमचं असो वा हंगामी, ते सगळं पाणथळ. आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीपात्रं, भातखाचरं आणि पिण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतून वगळले. देशाच्या पाणथळ नकाशात २.२५ हेक्टरांहून लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवल्या जातात. माझ्या वाटेवरचं जवळजवळ प्रत्येक पाणी यातल्या कुठल्यातरी कारणाने मोजणीबाहेर पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी धामापूरला पोहोचलो आणि ही गोष्ट जास्तच खटकली. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली दोन डोंगरांमध्ये बांध घालून हा तलाव केला. पाचशे वर्षं होत आली, तो अजून शेती-बागायतीला पाणी देतो आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ आहे आणि तलावाची एक कथा गावोगावी सांगतात. घरात लग्न निघालं आणि दागिने नसले की फुलांची परडी तलावात सोडायची. परडी बुडून दागिन्यांनी भरून वर यायची, लग्न झालं की दागिने परत करायचे. एकाने ते ठेवून घेतले आणि तलावाने देणं थांबवलं. पाणी देतं ते उसनं असतं, हे कुणीतरी फार पूर्वी या गोष्टीत बांधून ठेवलं आहे.

तलावावर पायरीपायरीने वस्ती दिसली. उघड्या पाण्यावर पँटाला आणि मोठे शिकारी चतुर. कमळपानांवर टाचण्या. काठच्या काडीवर रक्तवर्णी चतुराचा नर, ऊन चढलं तशी शेपटी सूर्याकडे उभी करून बसलेला, जेणेकरून अंगावर कमीत कमी ऊन पडावं. उथळ पाण्यात एक पाणढेकूण पाठीवर अंड्यांचं ओझं घेऊन वर-खाली करत होता. ती अंडी मादीने नराच्या पाठीवर चिकटवलेली असतात आणि पिल्लं निघेपर्यंत तो त्यांना हवा देत हिंडतो. त्याचा फोटो काढायला मला दोन तास पाण्याच्या पातळीवर डोळे ठेवून बसावं लागलं. त्या दोन तासांत एक चतुर माझ्यासमोर सात वेळा शिकारीला उडाला आणि सहा वेळा तोंड हलवत परतला. मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात ३०,०००पर्यंत नेत्रिका असतात, चारही पंख वेगवेगळे चालवता येतात आणि भक्ष्य कुठे असेल याचा अंदाज घेऊन ते तिथे आधीच पोहोचतात. डासांवर इतकं सातत्याने काम करणारा दुसरा कोण आहे?

सावंतवाडी मागे टाकून पारपोलीला आलो. आंबोली घाटाच्या पायथ्याचं हे गाव फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथल्या ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर डझनावारी फुलपाखरं सोंड टेकवून बसली होती. चिखलपान करणारे हे बहुतेक नर. मकरंदात साखर असते पण मीठ नसतं. ते ओल्या मातीतून घ्यावं लागतं आणि मीलनाच्या वेळी नर ते मादीला देतो, ते अंड्यांच्या कामी येतं. झाडांवर हळदीकुंकू फिरत होती. नावासारखीच, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग. खुळखुळ्याच्या सुकत्या झुडपांवर गडद तपकिरी हबशी फुलपाखरांचे नर जमले होते. झुडपांतला कडू, अल्कलॉइडयुक्त रस शोषून ते मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करतात आणि पक्ष्यांना नकोसे होतात. मग ओढ्याच्या वळणावरून काळा मखमली, मागच्या पंखांवर निळी झळाळी असलेला नीलवंत आला. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. तो क्षणभर वाळूवर टेकला. फोटो हललेला आला, तरी तो मी जपून ठेवला आहे.

घाट चढून आंबोलीला गेलो तेव्हा धुक्यात काहीच दिसत नव्हतं, फक्त पाण्याचे आवाज. हिरण्यकेशीच्या गुहेतून निघणारं पाणी इथून पूर्वेला वळतं, घटप्रभेला मिळतं, तिच्याबरोबर कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. देवळाच्या कुंडातला एक इवला मासा २०२० साली विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. देवाच्या पाण्यातला मासा धरायचा नाही, या भावनेने तो तोवर टिकला होता.

शेवटचा मुक्काम चौकुळ. उंचावरचा सपाट, गवताळ मुलूख, मधे झाडोऱ्याचे पट्टे, भात आणि नाचणीची शेतं. आंबोली, गेळे आणि चौकुळ ही कबुलायतदार गावकरांची गावं. सावंतवाडी संस्थानाच्या काळात गावाने मिळून कबुलायत देऊन जमीन कसायची, अशी इथली चाल. गावाबाहेर एक व्हाळ, म्हणजे ओढा, सावलीतून वाहतो. तिथे दगडावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, दूर दूर डोळ्यांचा एक चतुर बसला होता. गॉम्फिडी कुळातला. या कुळाची पिल्लं प्रवाहाच्या तळाशी वाळूत आणि गाळात पुरून राहतात. पाणी गढूळलं, वाळू काढली, तर पहिला घाव त्यांच्यावर. भारतातले चतुर ज्यांनी तीन खंडांत मांडले ते डॉ. फ्रेडरिक फ्रेझर. लष्करी वैद्यकीय सेवेत असताना त्यांनी पश्चिम घाटातले ओढे पालथे घातले, त्यांचे खंड १९३३ ते १९३६ दरम्यान निघाले. तरीही २०२२ साली याच कुळातली एक जात चौकुळमधून नवी निघाली, बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस.

गुरं घेऊन एक म्हातारे गावकरी व्हाळ ओलांडत होते. नोंदवहीत लिहायचं म्हणून विचारलं, "आजोबा, ह्या व्हाळाचं नाव काय?"

ते थांबले. व्हाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हाळाक नाव कसला? व्हाळच तो. आमचो."

मी वहीत ठिकाण लिहिलं: चौकुळ, बिननावाचा व्हाळ. ज्या प्रवाहाला नाव नाही, नकाशावर रेघ नाही, कायद्यात पाणथळ म्हणून जागा नाही, तसल्याच पाण्यांतून एक चतुर गावाचं नाव घेऊन जगभरच्या विज्ञानात गेला आहे आणि तिथे ते आता पुसलं जाणार नाही. व्हाळ आटला तर मागे उरेल तेही नावच, पिवळ्या पट्ट्यांचा चतुर नव्हे. परतल्यावर सगळे फोटो लावायला बसलो तेव्हा प्रत्येकाखाली जातीच्या आधी पाणी लिहिलं: सड्यावरचं डबकं, चिऱ्याची खाण, देवळासमोरचं पाणी, काकींचा मळा, नागेश देसायांचा तलाव, आजोबांचा व्हाळ. फोटोंमध्ये जे दिसतं ते राखायचं असेल तर राखायचे आहेत हे पत्ते.